अकरा नंबरचा खोपा

माणूस गेलं की घरात सगळ्यात आधी काय संपतं, सांगू? साखर. दिव्यानी गेली तेव्हा जानेवारी होता, थंडी मरणाची होती, आणि येणारा प्रत्येक जण रडून झालं की चहा घेत होता. मी चुलीपुढे बसून चहा करत होते. लोक आपसात म्हणत होते, मंगली मोठी खंबीर बाई. खंबीर कसली! मला काही वाटतच नव्हतं. विळ्याने बोट कापलं की पहिल्यांदा जागा नुसती पांढरी दिसते, रक्त येत नाही, दुखतही नाही. ते क्षणभरच असतं म्हणतात. माझं आठ महिने चाललं.

दिव्यानी आमची एकुलती एक. एकवीस वर्षांची. सिकलसेल जन्मापासूनच. थंडीत हाडं दुखायची, मग गडचिरोलीला नेऊन रक्त चढवायचं, आठ दिवसांनी पोरगी हसत परत. अशी कितीदा गेली आणि कितीदा आली. या वेळी परत आली नाही. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, कुणाला बोल लावावा असं कुणीच सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं, असंही कधीकधी मनात येतं.

आमचं गाव चामोर्शीच्या पुढे, जंगलाच्या काठाला. घरामागे दीड एकरात आंब्याची चौतीस झाडं आहेत. ती लालसूने रोजगार हमीतून लावली. लालसू माझा नवरा. नाव घेते म्हणून कुणी नाक मुरडू नये, तेवीस वर्षं ज्याला भात वाढला त्याचं नाव घ्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही. झाडं वाढली, मोहोर येऊ लागला, आणि मोहोराबरोबर तुडतुडेही आले. झाडाखालून गेलं की तोंडावर उडायचे. मोहोर चिकट व्हायचा, काळा पडायचा, गळायचा. उरलेल्या आंब्यात फळमाशी. वरून सोन्यासारखा आंबा, कापला की आत वळवळ. मग लालसूने पंप आणला आणि पाठीवर घेऊन फवारणी सुरू केली. फवारलं की त्या वासाने दिव्यानी दोन दिवस ओकायची.

शेतीची पदविका करायला ती आरमोरीकडे गेली, आणि पहिल्याच दिवाळीला येऊन बापाला म्हणाली, "बाबा, पंप टांगून ठेवा. आपल्या जंगलात फुकटचे राखणदार आहेत."

राखणदार म्हणजे लाल माकोडे, झाडावरच्या मोठ्या लाल मुंग्या. झाडाची हिरवी पानं एकमेकांना शिवून नारळाएवढा खोपा करतात, त्यात हजारोंनी राहतात. झाडावर दुसरा किडा दिसला की फाडून खातात. ती म्हणाली, आंब्यावर बसवले तर तुडतुडा काय, फळमाशीही अंडी घालायला टेकणार नाही. आम्ही दोघं हसलो. आम्हाला माकोडे माहीत होते ते चटणीपुरते.

"ज्याले आपण खातो तो आपली राखण करन?" लालसू म्हणाला.

"करन ना. बकरी नाई का दूध देत?"

पहिल्या वर्षी तिने दोन ठिकाणांहून दोन खोपे आणून बागेत टांगले. तीन दिवस नुसतं युद्ध. झाडाखालची माती मेलेल्या माकोड्यांनी लाल झाली. ती तिथेच उकिडवी बसून बघत होती. मग म्हणाली, "माहीच गलती. दोन घरचे आणले. एकाच घरचे पाहिजेत." दुसऱ्या वर्षी ती कोलूच्या गावी गेली. कोलू म्हणजे लालसूचा चुलतभाऊ, आत जंगलात बारा किलोमीटरवर राहतो. तिथे अख्खा दिवस एका जांभळाखाली बसून कोणता माकोडा कुठून कुठे जातो ते वहीत लिहीत बसली. कोलूला वाटलं, शहरात राहून पोरगी वेडी झाली. पण एका घरचे अठरा खोपे तिने सिमेंटच्या पोत्यांतून आणले. झाडांना चुन्याने नंबर घातले आणि या झाडावरून त्या झाडावर सुतळ्या बांधल्या, त्यांना जायला रस्ता म्हणून. दोन वर्षांत चौतिसांपैकी एकोणतीस झाडांवर माकोडे झाले. आंबा आतून बाहेरून स्वच्छ. तोडायला जाताना हातापायाला राख चोळायची, तरी चावायचे ते चावायचेच. आम्ही बोंबलायचो, ती नाही. म्हणायची, "हे का चावणं झालं? माही तं हाडं चावतात."

आता अकरा नंबरचं सांगते.

आमच्या घराण्यात माणूस गेल्यावर महिन्याभराने जेवण करतात. गेलेल्याला जे आवडत होतं ते रांधायचं आणि त्याचा वाटा मोहाच्या पानावर आधी काढायचा. दिव्यानीला काय आवडायचं हे विचारायची गरज नव्हती. लहानपणापासून ताप आला की लाल माकोड्यांची चटणी मागायची, ताप नसला तरी मागायची. त्या दिवशी लालसू उजाडतानाच टोपली आणि आकडी घेऊन बागेत गेला. परत आला तेव्हा टोपलीत एकच खोपा होता, पण हा एवढा मोठा, आणि त्याच्या फांदीला दिव्यानीच्या हिरव्या ओढणीची चिंधी बांधलेली होती.

"अकरा नंबरवर होता," तो म्हणाला. "पाह्य, सोतासाठी राखून ठेवला होता पोरीनं."

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही म्हणून सांगते. आमच्याकडे जंगलात मधाचं पोळं दिसलं, चारोळीचं लदलेलं झाड दिसलं आणि आज काढायला वेळ नसला, तर त्याला गवताची गाठ मारून ठेवतात. गाठ मारली की ते त्या माणसाचं झालं. मागून येणारा कितीही भुकेला असो, गाठ सोडत नाही. म्हणून लालसूने चिंधी पाहिली आणि त्याला एकच कळलं, पोरीने हा खोपा स्वतःसाठी राखला होता, खायचा राहून गेला. तिचा तिलाच द्यायचा. मलाही तेच कळलं. त्या ओढणीला काठ मीच शिवला होता. मी चिंधी सोडली, घडी करून बाजूला ठेवली आणि तवा तापत टाकला.

लालसूने खोपा सुपात फोडला. माकोडे तव्यावर परतले, मग मिरची, मीठ, लसूण घालून मी पाट्यावर वाटले. लालसूने तिच्या पानावर स्वतःच्या हाताने वाटा ठेवला. आले-गेले सगळे म्हणाले, चटणी झकास झाली. मीही खाल्ली. आंबट होती. मेल्या पोरीच्या जेवणाला आईच्या जिभेला चव कळते, याची मला लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

मार्चमध्ये भाग्यश्री आली. ही दिव्यानीची वर्गातली मैत्रीण, आरमोरीची. गाडीवर आली, उन्हाने लाल झालेली. तिच्याकडे राहिलेली दिव्यानीची वही द्यायला आली होती. अंगणात बसली, आधी थोडं रडली, मी चहा केला.

"काकू, माकोडे बरे आहेत ना?" तिने विचारलं.

"आहेत."

"आणि राणीचा खोपा?"

"कोणता?"

"अकरा नंबरचा. ओढणी बांधली होती ना तिने, कुणी चुकून काढू नये म्हणून. साऱ्या बागेत राणी एकच असते काकू. अंडी तीच घालते. बाकीचे सगळे खोपे तिच्या जिवावर. मी म्हटलं होतं तिले, घरचे काढतील एखाद दिवशी चटणीले. तर म्हणे, घरी सांगून ठेवलं आहे."

तिने वही उघडून पान दाखवलं. दिव्यानीचं गोल गोल अक्षर. मी सातवी शिकलेली, मला वाचता येतं. अकरा नंबर. राणीचं घर. वरची फांदी, उगवतीकडे. चिंधी बांधली. कोणी हात लावायचा नाही. आईला सांगितलं.

शेवटचे दोन शब्द मी परत वाचले. तारीख नोव्हेंबरची होती. नोव्हेंबरात धान निघत होतं, चुरणा म्हणजे मळणी चालू होती, मी दिवसभर सूप घेऊन उभी. ती मागेमागे फिरत काहीबाही सांगत असायची, आणि मी "हो हो" म्हणत असायची. सांगितलंच असेल. मी हो म्हटलंच असेल. आजतागायत मला ते आठवत नाही. किती आठवायला बसले, धान दिसतं, सूप दिसतं, तिचा आवाजसुद्धा येतो, शब्द येत नाहीत.

"काकू, आहे ना बरा?"

"आहे," मी म्हटलं.

पोरीचा जीव भांड्यात पडला. मी मग, सहज विचारावं तसं विचारलं, राणी मेली तर काय होतं.

"लगेच काही कळतच नाही," ती म्हणाली. "दोन-तीन महिने सगळं तसंच चालते. खोपे शिवतात, राखण करतात, सुतळीवरून ये-जा. फक्त नवीन जन्मत नाही. जुने मरतात एकेक करून. मग एक दिवस नसतातच."

ती गेली. मी वही धानाच्या ढोलीत खाली खुपसली. लालसू कुडाच्या मागे सुतळी वळत बसला होता. मी त्याला काहीच सांगितलं नाही. कारण सांगायचं तर दोन आहेत. एक चांगलं आहे, ते आधी सांगते. पोरगी गेल्यापासून तो माणसांत बोलत नव्हता. रोज सकाळी बागेत जायचा, तुटलेल्या सुतळ्या बांधायचा, सैल झालेल्या ताणायचा, दुपारी जेवायला यायचा. तेवढंच त्याचं चालू होतं. ते मी कशाला मोडू? आणि दुसरं कारण हे की त्याने विचारलं असतं, तुले सांगतलं होतं का? त्याचं उत्तर माझ्याकडे वहीत लिहिलेलं होतं.

मे महिन्यात आंबा उतरला. एक फळ किडकं नाही. गावातले लोक येऊन कापून बघत होते आणि म्हणत होते, पोरगी गेली पण काम करून गेली. लालसू मान हलवायचा. मी फांद्या बघत होते. उन्हाळ्यात खोपा फाटला की आत पांढरी अंडी दिसतात, तांदूळ सांडल्यासारखी. एकाही खोप्यात नव्हती. माकोडे मात्र आपले कामात. पान ओढतायत, धावतायत, कुणी जवळ गेलं की उभे राहून तोंड उघडतायत. मला त्यांचा राग यायचा. अरे, तुमचं संपलं आहे, कळत कसं नाही तुम्हाला? मग मी घरी येऊन भात टाकायची, भांडी घासायची, बकऱ्यांना पाला घालायची.

जुलैत खोपे तपकिरी पडायला लागले. फाटलेले शिवायला हात पुरत नव्हते. वीस झाडांवर उरले, मग बारा, मग सहा. लालसू रोज जात होताच. जिथे एक माकोडा नाही त्या झाडाचीसुद्धा सुतळी तो बांधत होता. मला वाटलं, याच्या लक्षातच येत नाही. नीलाबाई शेजारीण, तळ्यावर मासे धरायला जाता-येता कुंपणाशी थांबायची, ती म्हणाली, "मंगली, औंदा मोहोर आला का फवारा मारा बाई. माकोडे तं गेले तुमचे." मी म्हटलं, पाहू. पंप आढ्याला टांगलेला होता. एक दिवस लालसूने तो काढला, धूळ पुसली, खालीवर पाहिला आणि परत टांगला.

ऑगस्टात कोलू बाजारच्या दिवशी आला. ओट्यावर बसला, तंबाखू मळली आणि बागेकडे पाहून म्हणाला, "दादा, माह्या गावात मोठं घर पाह्यलं मी. चिचेच्या झाडावर. वीस-बावीस खोपे आहेत, राणी बी आहे. म्हनत असन तं आणून देतो. मोहोर यायच्या आंधी बसले पाहिजेत."

लालसूने मांडीवरची सुतळी वळायला घेतली.

"पण हे जुने आहेत तवरी नाई जमणार," कोलू म्हणाला. "मारतील एकमेकायले, त्या साली पाह्यलं ना आपण. किती झाडाईवर आहेत आता?"

"सहा," लालसू म्हणाला.

"मंग का? दोन बादल्या साबणाचं पाणी. धुऊन काढू, एका दिवसाचं काम. तसे बी मरूनच राह्यले ते."

"नाई."

हे मी म्हटलं. इतक्या मोठ्याने की कोंबड्या उडाल्या. महिनोन्महिने मी आवाज चढवून काही बोलले नव्हते, त्यामुळे दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी घरात गेले, ढोलीत कोपरापर्यंत हात घालून वही काढली आणि लालसूपुढे ठेवली.

"अकरा नंबरवर राणी होती. तिनं मले सांगतलं होतं. मी ऐकलं नाई. तू खोपा आणला, मी वाटला. मी वाटली तिले पाट्यावर."

लालसूने वही उघडली नाही. तिच्यावर हात ठेवला.

"मले माहीत आहे," तो म्हणाला.

"कवापासून?"

"ते पोरगी आंगणात सांगून राह्यली होती, मी कुडाच्या मांगंच होतो ना."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तू बोलली का?"

कोलूने तंबाखू तशीच मुठीत धरली होती. लालसूने वही उचलून मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाला, "तू नाई वाटली. सुपात खोपा फोडला तवा एक येगळीच निघाली. हिरवी, मोठी, पोट हे एवढं. तव्यावर नाई टाकली मी तिले. मले का माहीत राणी गिणी? मले वाटलं, सगळ्यात चांगली हेच आहे. अख्खीच ठेवली तिच्या पानावर. चटणीच्या वरती."

पाच महिने मी रोज पाटा धुताना हात आखडत होते. आणि हा माणूस पाच महिने ती हिरवी, मोठी डोळ्यांपुढे घेऊन सुतळ्या बांधत होता. आम्ही एका ताटलीत जेवत होतो, एकमेकांना सांभाळत होतो, आणि दोघंही मूर्ख.

"संपनार होते माहीत होतं, तं दोऱ्या कायले बांधत होता रोज?" मी विचारलं.

"आहेत तवरी त्यायले रस्ता तं पाहिजे ना, मंगले."

कोलू उठला. जाताना म्हणाला, "बरं वहिनी. तुमी सांगा तवा आणतो. चिच काई पळून नाई जात."

त्यानंतर दर बाजारी कोलू कुंपणापाशी गाडी थांबवून विचारायचा, संपले का? आम्ही सांगायचो, आहेत अजून. सहाची चार झाडं झाली, चाराची दोन, अकरा आणि बारा नंबरची. लालसूला आता मी एकट्याला जाऊ देत नव्हते. सकाळी दोघं जायचो. तो दोन झाडांमधली सुतळी बघायचा, मी खोपे बघायची. मला कळत होतं की हे शहाणपण नाही. मोहोर काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. नवे माकोडे वेळेत बसले नाहीत तर पंप खाली येणार, आणि त्या वासाने ओकणारं कुणी आता घरात नव्हतं. तरी शेवटचा मरेपर्यंत मी दुसऱ्या घरचे आत येऊ देणार नव्हते. तिने मोजून, लिहून, पोत्यांतून आणलेले होते ते.

पोळा होऊन दहाएक दिवस झाले असतील. सकाळी गेलो तर अकरा नंबरवर काही नाही. त्यांनी मागून शिवलेला खोपा रिकामा, पानं कुरकुरीत. बारावर काही नाही. लालसू सुतळीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि मान हलवत परत आला. मी अकरा नंबरच्या खोडाला तळहात लावला. राख न लावलेला, कोरडा हात. पूर्वी असा हात लावायची टाप नव्हती, दोन श्वासांत कोपरापर्यंत चढायचे. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. साल गार होती. उभी राहिले, आणि मनात म्हटलं, दिव्यानी, मी ऐकते आहे, आता सांग.

मनगटाखाली काहीतरी चाललं. एकच होता. फिकट, म्हातारा, एक पाय ओढणारा. तो थांबला, त्याने जागा पाहिली आणि चावला.

दुखलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी दुखलं, आणि इतकं दुखलं की मी खालीच बसले. पण हात काढला नाही. लालसू धावत आला. मी रडत होते, तोंड उघडून, लाज न धरता, आणि त्याला म्हणत होते, "आहे. एक आहे अजून. हात लाव."

त्याने माझ्या हाताशेजारी हात लावला. आम्ही दोघं खोडाशी बसून वाट बघत होतो. तो माकोडा माझ्या बोटांवरून उतरला आणि त्याच्या बोटांवर चढला.

"चावला का?" मी विचारलं.

"चावला," लालसू म्हणाला, आणि हात तिथेच राहू दिला.

दुपारी कोलू आला. मी स्वतः कुंपणापर्यंत गेले आणि त्याला सांगितलं, या बाजारी नको आणू, पुढच्या बाजारी पाहू.